मेंदूचे शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग

मनुष्याच्या मेंदूला निसर्गाने मोठ्या बंदोबस्तात ठेवले आहे. बाहेर कवटीच्या जाड हाडांची पेटी, तिच्या आत चिवट पडदे, आणि पडद्यांच्या आत लोण्यासारखा मऊ मेंदू. या बंदोबस्तामुळे मेंदूचे रक्षण होते हे खरे. परंतु मेंदूलाच रोग जडला म्हणजे हाच बंदोबस्त वैद्याची वाट अडवून उभा राहतो. पोटात गाठ झाली तर ती हाताने चाचपता येते. कवटीच्या आत गाठ वाढू लागली तर ती ना डोळ्यांना दिसे, ना हाताला लागे. रोग्याचे डोके असह्य दुखे, त्याला वांत्या होत, दृष्टी दिवसेंदिवस मंद होत जाई, आणि अखेरीस त्याला मरण येई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या थोड्या शस्त्रवैद्यांनी कवटी उघडण्याचे धाडस केले, त्यांतील कित्येकांना आत गाठ सापडतच नसे; सापडली तर रक्तस्राव आवरत नसे. अशा शस्त्रक्रियेतून रोगी वाचला तर ते नवल मानीत. ही कोंडी फोडणाऱ्यांत हार्वे कुशिंग यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

हार्वेचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड या शहरी झाला. दहा भावंडांत तो शेंडेफळ. त्याचे पणजोबा वैद्य, आजोबा वैद्य आणि वडीलही वैद्यच होते. वडील मितभाषी व करड्या शिस्तीचे होते. हार्वे हट्टी होता. येल येथील महाविद्यालयात तो बेसबॉल चांगला खेळे, आणि हाती पेन्सिल आली की समोर दिसेल ते हुबेहूब रेखाटी. चित्रकलेचा हा छंद पुढे आपल्या व्यवसायात किती उपयोगी पडणार आहे, हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हते. १८९१ साली पदवी मिळवून तो बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला.

त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ईथर हुंगवून बेशुद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवीत. ते कसे करावे, किती ईथर द्यावे, केव्हा थांबावे, हे त्यांना कोणी धड शिकवीत नसे. १८९३ साली हार्वेवर ही पाळी आली. त्याने ईथर दिले, शस्त्रक्रिया सुरू झाली, आणि रोगी मेजावरच मरण पावला. हार्वेला जबर धक्का बसला. दुपारभर तो बोस्टनच्या रस्त्यांतून भटकत राहिला. संध्याकाळी शस्त्रवैद्याच्या घरी जाऊन त्याने वैद्यक सोडून देण्याचा आपला विचार सांगितला. असे प्रकार नेहमीच घडतात, त्याचे एवढे मनावर घेऊ नये, असे त्या शस्त्रवैद्याने त्याला समजावले. हार्वेने वैद्यक सोडले नाही. परंतु मनावर न घेण्याचा सल्लाही त्याने मानला नाही. कॉडमन नावाच्या सहाध्यायाबरोबर त्याने एक साधा तक्ता तयार केला. रोगी बेशुद्ध असताना ठराविक मिनिटांनी त्याची नाडी व श्वास मोजावयाचा आणि तो आकडा तक्त्यात भरावयाचा. नाडी बिघडू लागली की तक्ता ते आधीच सांगे. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात अशी नोंद ठेवतात. कुशिंग यांच्या आयुष्यातील ही पहिली नोंदवही होय. पुढे त्यांनी अशा हजारो नोंदी ठेवल्या.

१८९५ साली हार्वे वैद्य झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जर्मनीत रंटजेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला. ही वार्ता अमेरिकेत पोहोचली तेव्हा तरुण कुशिंग बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात उमेदवारी करीत होते. १८९६च्या फेब्रुवारीत त्यांनी आईला पत्र लिहून या अद्भुत किरणांची हकीकत कळविली. शरीर न फाडता शरीराच्या आतले दिसते, या कल्पनेने ते भारून गेले होते.

त्याच वर्षी ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले. तेथे विल्यम हॉल्स्टेड हे नामांकित शस्त्रवैद्य त्यांना गुरू लाभले. शरीराच्या पेशी रेशमाच्या धाग्यासारख्या हळुवार हाताळाव्यात, घाई करू नये, रक्ताचा थेंबही वाया जाऊ देऊ नये, ही हॉल्स्टेड यांची शिकवण होती. कुशिंग यांनी ती पूर्णपणे आत्मसात केली. त्यांनी तेथे क्ष-किरणांचे एक साधे यंत्रही आणले. त्याच सुमारास एका स्त्रीला मानेत गोळी लागली म्हणून रुग्णालयात आणले होते. तिच्या शरीराच्या एका बाजूची हालचाल नाहीशी झाली होती आणि दुसऱ्या बाजूला वेदना जाणवत नव्हती. गोळी पाठीच्या कण्यात नेमकी कोठे रुतली आहे, हे कुशिंग यांनी क्ष-किरणांनी छायाचित्र घेऊन दाखविले. १८९८ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली.

क्ष-किरणांच्या या यशाबरोबर त्यांची मर्यादाही कुशिंग यांच्या लक्षात आली. हाडांची आणि धातूची सावली काचेवर स्पष्ट उमटते. परंतु मेंदूही मऊ आणि त्यातील गाठही मऊ. दोहोंतून किरण सारखेच आरपार जातात. गोळी दिसे, गाठ दिसत नसे.

१९०० साली कुशिंग युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्यांनी कोखर या शस्त्रवैद्याच्या हाताखाली काम केले, आणि डोक्याच्या आतील दाब वाढला म्हणजे शरीर त्याला कसे तोंड देते याचे प्रयोग केले. इटलीतील पाव्हिया गावी १९०१ साली त्यांनी रक्तदाब मोजण्याचे नवे साधन पाहिले. दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्याची ही युक्ती त्यांना इतकी पसंत पडली की ती ते बाल्टिमोरला घेऊन आले. आज खेड्यातील दवाखान्यातही हा पट्टा दिसतो; अमेरिकेत त्याचा प्रसार करण्यात कुशिंग यांचा मोठा वाटा आहे.

परत आल्यावर त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया हेच आपले कार्यक्षेत्र ठरविले. वडीलधाऱ्या मंडळींना हा निर्णय शहाणपणाचा वाटला नाही. ज्या कामात बहुतेक रोगी मरतात, त्यात तरुण माणसाने आयुष्य का घालवावे, असे त्यांचे मत होते. सुरुवातीची वर्षे त्यांच्या मताला पुष्टी देणारीच ठरली. कुशिंग यांच्या हाती यश फार थोडे आले.

याच सुमारास एक प्रसंग घडला. वरून पाहता तो क्षुल्लक होता. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. १९०२ साली तिच्यात झालेल्या एका विकाराचा तुकडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविला होता. तो तेथे हरवला. दुसरा कोणी हळहळला असता आणि विसरला असता. कुशिंग संतापले. रोग्याने जी किंमत मोजली होती तिचा पुरावाच नाहीसा झाला, असे त्यांना वाटले. त्यानंतर आपल्या रोग्यांच्या गाठी आपल्याच ताब्यात ठेवण्याचा त्यांनी निर्धार केला. प्रत्येक गाठ काचेच्या बरणीत औषधी द्रवात ठेवावयाची. तिचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. रोग्याची हकीकत, शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे, स्वतः काढलेली रेखाचित्रे, हे सर्व त्याच क्रमांकाखाली लावून ठेवावयाचे. रोगी बरा होऊन घरी गेला तरी नोंद मिटत नसे. तो पुढे कसा आहे, हे पत्राने विचारून वर्षानुवर्षे टिपून ठेवीत.

हा खटाटोप कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. मेंदूच्या सर्व गाठी सारख्या नसतात. काही गाठी मेंदूवरील पडद्यातून उगवतात आणि मेंदूला बाहेरून दाबतात. त्या काळजीपूर्वक सोडविल्या तर सबंध निघून येतात. अशा गाठींना १९२२ साली कुशिंग यांनीच मेनिंजिओमा हे नाव दिले. ग्लायोमा नावाच्या गाठी मात्र मेंदूच्या आतूनच उगवतात आणि त्यांची मुळे हरळीसारखी चोहीकडे पसरतात. त्यांतही एक गाठ दहा वर्षे हळूहळू वाढते, तर दुसरी काही महिन्यांतच प्राण घेते. तेव्हा गाठ आहे की नाही आणि कोठे आहे एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या जातीची आहे हे कळले तरच किती कापावे, कोठे थांबावे आणि रोग्याच्या आप्तांना काय सांगावे, हे ठरविता येते. गाठीची जात ओळखणे म्हणजे रोग्याचे भविष्य ओळखणे, हे कुशिंग जाणून होते.

त्यांचे शस्त्रक्रियागृह शांत असे. एकेक शस्त्रक्रिया पाच-सहा तास चाले. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना दोऱ्याने गाठ मारता येत नाही, म्हणून त्यांनी १९११ साली चांदीच्या तारेचे इवलेसे चिमटे बनविले. वाहिनीवर चिमटा बसविला की रक्त थांबे. शस्त्रक्रिया आटोपली की विश्रांती न घेता ते प्रथम कागद ओढीत आणि जे पाहिले त्याचे चित्र काढीत. हळूहळू आकडे पालटू लागले. युरोपातील नामवंत शस्त्रवैद्यांच्या हातून मेंदूच्या शस्त्रक्रियेत शेकडा तीस-चाळीस, कोठे पन्नासही रोगी दगावत असत, त्या काळात कुशिंग यांच्या रुग्णालयात हे प्रमाण शेकडा दहाच्या आत आले.

१९१० साली लेनर्ड वुड नावाचे एक सेनापती त्यांच्याकडे आले. अमेरिकेच्या सैन्यातील हा बडा अधिकारी झटक्यांनी आणि पायाच्या अशक्तपणाने बेजार झाला होता. कुशिंग यांनी त्याच्या मेंदूवरील पडद्याची मोठी गाठ काढली. वुड बरे झाले, अमेरिकेच्या सैन्याचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले, पुढे ते फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल झाले. या एका शस्त्रक्रियेने कुशिंग यांची कीर्ती दूरवर पसरली. सतरा वर्षांनी गाठ पुन्हा वाढली. १९२७ साली कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. त्यानंतर काही तासांतच वुड मरण पावले. हा घाव कुशिंग यांच्या जिव्हारी लागला. तरी त्याही शस्त्रक्रियेची हकीकत त्यांनी काही न लपविता नोंदविली. यशाइतकेच अपयश काटेकोरपणे लिहून ठेवणारे शस्त्रवैद्य त्या काळी विरळाच होते.

१९१२ साली कुशिंग बोस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात मुख्य शस्त्रवैद्य म्हणून गेले. गाठ दिसत नसली तरी तिच्या खुणा शोधण्याचा त्यांचा प्रयत्न चालूच होता. पीयूषिका ग्रंथी ज्या हाडाच्या खोबणीत बसते, तिचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो. ग्रंथीत गाठ वाढली की ती खोबण रुंदावते, आणि हा बदल क्ष-किरणांच्या चित्रात दिसतो. काही गाठींत चुना साठतो. त्याचीही सावली पडते. घरातला माणूस दिसला नाही तरी दारातल्या पावलांवरून तो कोण हे ओळखावे, तसाच हा प्रकार होता. प्रत्येक वेळी असे अनुमान केल्यावर कुशिंग शस्त्रक्रियेच्या वेळी व सूक्ष्मदर्शकाखाली ते पडताळून पाहत. अनुमान चुकले तर तेही लिहून ठेवीत. अशा रीतीने सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेली गाठच त्यांच्या हिशेबात धरली जाई. केवळ तर्काने ठरविलेल्या गाठीला तेथे जागा नव्हती.

कुशिंग यांच्या स्वभावात कडवटपणा होता, हेही सांगितले पाहिजे. रोग्यांशी ते अतिशय प्रेमाने वागत. परंतु हाताखालच्या माणसांना त्यांचा धाक वाटे. थोड्या चुकीसाठी ते चारचौघांत पाणउतारा करीत. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी नावाचा एक अतिशय बुद्धिमान तरुण त्यांचा सहायक होता. दोघांचे पटले नाही, आणि बोस्टनला जाताना कुशिंग यांनी त्याला बरोबर नेले नाही. याच डँडीने १९१८ साली एक नवी युक्ती शोधून काढली. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांतील पाणी काढून तेथे हवा भरली तर क्ष-किरणांच्या चित्रात त्या पोकळ्या स्पष्ट उमटतात. गाठीने त्यांना एका बाजूस रेटले असेल तर तेही दिसते. गाठ कोठे आहे हे सांगणारे चित्र मिळविण्याची ही पहिली चांगली रीत होती. तीत धोका होता, आणि कुशिंग यांनी ती बराच काळ संशयाने पाहिली. त्या संशयात जुन्या वैराचा अंश मुळीच नसेल, असे म्हणवत नाही.

पहिल्या महायुद्धात ते दोनदा फ्रान्समध्ये गेले. १९१५ साली पॅरिसजवळच्या एका युद्धरुग्णालयात एका जखमी सैनिकाच्या मेंदूत तोफगोळ्याचा तुकडा खोल रुतला होता. क्ष-किरणांच्या चित्रात त्याची जागा कळली होती. पण तेथपर्यंत पोहोचल्यास मेंदूला इजा होणार होती. अखेरीस एक लांब लोखंडी खिळा टोकाशी गुळगुळीत करून जखमेच्या वाटेने हळूच आत सोडला आणि बाहेरच्या टोकाला मोठा लोहचुंबक लावला. काही प्रयत्न फसले. सर्वांनी आशा सोडली असता आणखी एकदा खिळा बाहेर काढला, तो त्याच्या टोकाला लोखंडाचा तुकडा चिकटलेला. १९१७ साली ते पुन्हा युद्धभूमीवर गेले, तेव्हा मेंदूला जखम झालेल्या सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक सैनिक शस्त्रक्रियेनंतर दगावत होते. तीन महिन्यांत त्यांनी हे प्रमाण शेकडा तिसाच्या आत आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या परममित्राचा, सर विल्यम ऑस्लर यांचा, एकुलता एक मुलगा जखमी होऊन पडल्याचे त्यांना कळले. रात्रीच्या अंधारात ते त्याच्यापाशी जाऊन पोहोचले; परंतु पहाटे त्याने प्राण सोडला. ऑस्लर यांच्या मृत्यूनंतर कुशिंग यांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले. १९२६ साली त्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्या एका वर्षात त्यांच्या वाट्याला फार काही आले. पर्सिव्हल बेली हे त्यांचे सहकारी अनेक वर्षे संग्रहातील शेकडो ग्लायोमांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. कोणत्या गाठीच्या पेशी कशा दिसतात आणि ती गाठ झालेला रोगी किती काळ जगला, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. तेव्हा ग्लायोमा ही एक व्याधी नसून तिचे डझनाहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे, असे दिसून आले. १९२६ साली या दोघांनी आपले वर्गीकरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बोव्ही या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने कुशिंग यांनी विजेच्या प्रवाहाने रक्तवाहिन्या बंद करण्याची रीत शस्त्रक्रियेत आणली, आणि पूर्वी अशक्य म्हणून सोडून दिलेल्या गाठीही त्यांना काढता येऊ लागल्या. आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटारीच्या अपघातात ठार झाला. ही वार्ता त्यांना पहाटे दूरध्वनीवरून कळली. त्यांनी ती पत्नीला सांगितली, आणि ठरल्याप्रमाणे ते रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रियेला उभे राहिले. मेजावरच्या रोग्याची गाठ कोणासाठी थांबणार नव्हती.

संग्रहाची सारी व्यवस्था लुईस आयझेनहार्ट या विदुषी पाहत. त्या प्रथम कुशिंग यांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून आल्या होत्या. पुढे त्यांनी नोकरी सोडून वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि परत येऊन त्या मेंदूच्या गाठींच्या तज्ज्ञ झाल्या. शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा ताजा तुकडा रंगवून तिची जात सांगण्याची रीत त्यांनी बसविली. आत काय आहे हे शस्त्रवैद्याला तेथल्या तेथे कळू लागले. १५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी खात्री झालेल्या दोन हजाराव्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. १९३२ साली पीयूषिका ग्रंथीतील अगदी बारीक गाठींमुळे होणारा एक रोग त्यांनी उलगडून दाखविला. चेहरा गोल होणे, अंगावर चरबी साठणे, रक्तदाब वाढणे ही त्याची लक्षणे. या रोगाला आज त्यांचेच नाव आहे. त्याच वर्षी ते ब्रिगम रुग्णालयातून निवृत्त झाले आणि पुढील वर्षी येल विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले. त्यांच्या मागोमाग बरण्या, काप आणि कागद यांचा तो प्रचंड संभारही येलला पोहोचला.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी कुशिंग यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांच्या देहाची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्याच मेंदूच्या पोकळीत एक लहानशी गाठ आढळली. ती निरुपद्रवी होती, आणि तिचा त्यांना कधी पत्ताही लागला नव्हता. दोन हजारांहून अधिक गाठी ओळखणाऱ्या या माणसाच्या डोक्यातली गाठ त्या काळच्या कोणत्याही साध्या चित्रात दिसली नसती.

आयझेनहार्ट बाईंनी संग्रह पुष्कळ वर्षे जतन केला. त्यांच्यानंतर मात्र त्याची उपेक्षा झाली. शेकडो बरण्या आणि काचेवरील हजारो छायाचित्रे येलच्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडली. विद्यार्थी रात्री चोरून तेथे शिरत आणि मेणबत्ती विझलेल्या देवळात शिरावे तसे भीतभीत पाहून येत. एकोणीसशे नव्वदनंतरच्या दशकात विद्यापीठाचे लक्ष तिकडे गेले, सर्व वस्तू साफ करण्यात आल्या, आणि २०१० साली वैद्यकीय ग्रंथालयाच्या तळमजल्याखाली त्यांच्यासाठी खास दालन उघडले. लेनर्ड वुड यांचा मेंदूही त्या संग्रहात आहे.

दरम्यान मेंदूची चित्रे काढण्याच्या विद्येने फार मोठी झेप घेतली. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे आडवे छेद चित्रात दाखविले. तेच आजचे सी. टी. स्कॅन. त्यानंतर क्ष-किरण न वापरता, प्रबळ लोहचुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारे एम. आर. आय. यंत्र आले. त्यात मऊ मेंदू आणि मऊ गाठ वेगवेगळी दिसते. गाठ आहे का आणि कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे आता कवटीला हात न लावता मिळू लागली.

उरला तिसरा प्रश्न, जातीचा. आणि तो पूर्वीपेक्षा अधिक खोल गेला. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. पेशीने कसे वाढावे, केव्हा थांबावे, याच्या आज्ञा त्यांत जणू लिहिलेल्या असतात. एखाद्या आज्ञेतील एक अक्षर बदलले तरी तिचा अर्थ पालटतो. या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. २००८ साली शास्त्रज्ञांना काही ग्लायोमांमध्ये आय. डी. एच.-१ नावाच्या जनुकात असा एक बदल सापडला. या शोधात जॉन्स हॉपकिन्स येथील, म्हणजे कुशिंग यांच्याच जुन्या संस्थेतील, संशोधक होते. हा बदल असलेले रोगी, तो नसलेल्या रोग्यांपेक्षा बहुधा अधिक काळ जगतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींची चाल वेगळी का, याचे उत्तर त्यामुळे मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणात गाठीचे नाव ठरविताना तिच्या पेशींचे रूप आणि तिची जनुके ही दोन्ही पाहतात.

जनुक हे इतके सूक्ष्म की कोणत्याही चित्रात ते दिसणार नाही. परंतु त्याच्या खुणा दिसू शकतात. आय. डी. एच. जनुक बदलले की गाठीत एक विशिष्ट द्रव्य साठते, आणि खास रीतीने तपासणी केल्यास एम. आर. आय. यंत्राला ते ओळखता येते. दुसरी एक खूण २०१७ साली लक्षात आली. एम. आर. आय.मध्ये एकाच गाठीची चित्रे निरनिराळ्या रीतींनी काढता येतात. काही गाठी एका रीतीत सबंध पांढऱ्या दिसतात, आणि दुसऱ्या रीतीत त्यांचा आतला भाग काळवंडून काठ तेवढा पांढरा राहतो. असे दिसले तर गाठीत तो बदल आहे, हे अनुमान बहुतेक खरे ठरते. असे दिसले नाही तर मात्र काहीच निश्चित सांगता येत नाही. कुशिंग आणि बेली यांनी १९२५ साली लहान मुलांच्या मेंदूतील ज्या गाठीला मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिले, तिचेही आता जनुकांवरून निदान चार प्रकार मानतात. गाठ लहान मेंदूच्या मध्यभागी आहे की कडेला, हे चित्रात पाहून त्यांचाही काहीसा अंदाज बांधता येतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा हुडकण्यासाठी आता संगणकाची मदत घेतात. संगणकाला हजारो चित्रे दाखवावयाची आणि प्रत्येक चित्राबरोबर त्या गाठीत कोणते जनुक बदलले होते तेही सांगावयाचे. मग तो स्वतःच खुणा शिकतो. त्यासाठी चित्रांची आणि खात्री झालेल्या उत्तरांची जोडी लागते. अशी जोडी नसेल तर संगणकाला शिकविणार काय? म्हणून २०११ साली अमेरिकेत रोग्यांची नावे काढून टाकलेली चित्रे एकत्र करून संशोधकांसाठी एक भांडार खुले करण्यात आले. या कामात निराशाही पदरी पडते. गाठीतील एका जनुकावर उमटलेली रासायनिक खूण केवळ एम. आर. आय. चित्रावरून ओळखण्याची एक जागतिक स्पर्धा २०२१ साली झाली. शेकडो संघांनी भाग घेतला. अखेरीस न पाहिलेल्या चित्रांवर परीक्षा घेतली, तेव्हा सर्वोत्तम संघाचे उत्तरही नाणे उडवून काढलेल्या उत्तरापेक्षा थोडेच सरस ठरले.

म्हणून आजही जेथे गाठीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येते, तेथे शस्त्रवैद्य तिचा लहान तुकडा काढतात. जेथे गाठ मेंदूच्या अतिशय नाजूक भागात असते, आणि तुकडा काढणेच जिवावर बेतण्याचा संभव असतो, तेथे चित्रातल्या खुणांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. संशोधकांची धडपड मुख्यतः अशा रोग्यांसाठी आहे. काढलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो, त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यातील जनुके तपासतात, आणि जे उत्तर येते ते त्या रोग्याच्या चित्राशेजारी नोंदवून ठेवतात.